दार धरायचं नाही

लिफ्टकाकांना चहा गार मिळाला तरी चालतो, जेवण उशिरा झालं तरी चालतं. पण लिफ्टचं दार कुणी धरून ठेवलेलं दिसलं की या माणसाचं डोकंच फिरतं. उभा जन्म त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला. ‘लिफ्ट बिघडत नाही, लोक बिघडवतात,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ‘एकच मिनिट हं, आमची ही चपला घालतेय,’ असं गोड बोलत दारात पाय घालून उभ्या राहणाऱ्या भल्याभल्यांची त्यांनी हजेरी घेतलेली आहे. एकदा तर खुद्द त्यांच्या साहेबांची. साहेब हसले म्हणून निभावलं, नाहीतर काकूंनी आयुष्यभर ऐकवलं असतं. तशा त्या ऐकवतातच म्हणा, पण दुसऱ्या गोष्टींवरून.

तर काकांच्या लेकीची बदली झाली. नवीन गावी घर लावायचं, सामान हलवायचं, त्या धामधुमीत पोरीचे हाल नकोत म्हणून सुट्टीभर नातीला आजी-आजोबांकडे ठेवायचं ठरलं. या नातीला सगळे भिंगरी म्हणतात, कारण तिला एका जागी बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. ती येणार म्हटल्यावर काकांचे पाय जमिनीला लागेनात. नवी चादर काय, रंगीत पेला काय, विचारू नका.

आणि आल्या आल्याच घोळ झाला. लेकीला लगेच पुढची गाडी पकडायची होती, टॅक्सी फाटकाशीच उभी. काकांनी भिंगरीला आणि तिच्या बॅगांना लिफ्टमध्ये घातलं, बटण दाबलं. एवढ्यात टॅक्सीत बसलेली लेक परत खाली उतरली. पोरीचा अजून एक पापा घ्यावा असं आलं तिच्या मनात. आई धावत येतेय हे बघून भिंगरीने पटकन आपला एवढासा पाय दारात घातला.

“पाय आत! दार धरायचं नाही!” काका ओरडले, आणि तिला दंडाला धरून मागे ओढलं.

दार बंद झालं. लिफ्ट वर निघाली. ते परत खाली आले तोवर टॅक्सी गेलेली होती.

आपल्या तोंडून ते निघालं कसं, हे काकांनाच कळेना. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय! भिंगरी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिने आजोबांशी बोलणंच टाकलं. आजीशी गप्पा, शेजारच्या मांजराशी गप्पा, आणि आजोबांनी काही विचारलं की नुसती मान हलवायची. ‘आजोबा’ म्हणून हाक म्हणाल तर एकदाही नाही. काकांनी आइस्क्रीम आणलं, तिने ते खाल्लं आणि वाटी आजीच्या हातात दिली. गच्चीवरच्या खोलीतलं लिफ्टचं भलंमोठं यंत्र दाखवतो म्हणाले, तर मान आडवी हलली. काकांना घास गोड लागेना.

“अहो, असे लांबून काय घुटमळता?” काकू म्हणाल्या. “ती सारखी तो गेम घेऊन बसते ना, तिथे जाऊन बसा की. म्हणावं, मला शिकव.”

“या वयात मी उड्या मारू?”

“तुम्ही नाही हो, ते चित्र मारतं!”

गेले बिचारे. हातात मावेल एवढं ते यंत्र, पण पडद्यावर रंगांची नुसती उधळण! गुलाबी ढग, जांभळे डोंगर, भोपळ्याएवढी मशरूमं, आणि गळ्यात निळा मफलर बांधलेला एक नारिंगी बेडूक या कड्यावरून त्या कड्यावर उड्या मारत फळं गोळा करतोय. काका खाकरले. “दोघांना खेळता येतं का गं हे?”

भिंगरीने आधी आपला बेडूक एका कड्यावर नेऊन उभा केला. मग यंत्राच्या कडेची बटणांची पट्टी काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली. पडद्यावर बेडकाच्या शेजारी गमबूट घातलेलं एक ढब्बू बदक अवतरलं. हेच आपले काका.

बदक पहिल्याच उडीला खड्ड्यात पडलं. दुसऱ्या उडीला कड्यावर आपटलं, तिसऱ्या उडीला उलटंच पळत सुटलं. भिंगरीने ओठ दाबून धरले, पण हसू काही आवरेना. शेवटी तिच्या तोंडून निघालंच, “ए बदका! अरे, इकडे!”

बोलली! बदकाशी का होईना, बोलली. काका एवढे खूश झाले की तेवढ्यात आणखी एकदा खड्ड्यात पडले.

त्यानंतर रोज संध्याकाळी बैठक बसायला लागली. “बदका, फळ खा!” “बदका, मागे बघ, काटे आहेत!” काका निमूट ऐकायचे. अख्ख्या इमारतीला धाक घालणारा माणूस गमबूट घालून नातीच्या मागे मागे फिरत होता. तरी आजोबांचं नाव निघत नव्हतं. पट्टी खाली ठेवली की ती पुन्हा गप्प. आता सुट्टीही संपत आली होती. पोरगी अशीच गेली तर, या विचाराने काका उरलेले दिवस पुन्हा पुन्हा बोटांवर मोजायचे.

आणि मग आला तो मनोरा. उंचच्या उंच, सगळ्या बाजूंनी लिफ्ट वर-खाली धावतायत, आणि खालून जांभळं पाणी चढतंय. बेडूक टणाटण उड्या मारत वर निघून गेला. बदक मात्र पहिल्या लिफ्टसमोर ढिम्म उभं.

“बदका, मार ना उडी!”

“अगं, थांबू दे की ती आधी.”

“ती थांबत नसते!”

“थांबत नसते म्हणजे काय? चालत्या लिफ्टमध्ये उडी मारायची? कोणी बनवलीय ही? त्याला आणा माझ्यासमोर!”

स्वयंपाकघरातून काकूंच्या हसण्याचा आवाज आला. पण काकांना थट्टा सुचत नव्हती. बोट बटणावर होतं आणि काही केल्या दाबलं जात नव्हतं. पाणी बदकाच्या गमबुटांपर्यंत आलं. वर बेडकासमोर मनोऱ्यातलं शेवटचं सोनेरी फळ लकाकत होतं. त्यासाठी भिंगरी सगळी सुट्टी झटली होती, आणि पाणी तिथे पोहोचलं की ते बुडणार होतं.

“तू जा,” काका म्हणाले. “माझ्यासाठी थांबू नकोस. घे ते फळ.”

भिंगरीने फळाकडे पाहिलं, खाली बदकाकडे पाहिलं. आणि बेडूक माघारी फिरला. धडाधड खाली आला, लिफ्टशेजारच्या एका लाल दगडावर जाऊन उभा राहिला. दगड दबला तशी लिफ्ट जागच्या जागी थांबली. दार उघडंच राहिलं.

“मी दार धरलंय,” ती म्हणाली. मान खाली, डोळे पडद्यावर. “या तुम्ही, आजोबा.”

काकांना समोरचं दिसेना. चष्म्याचं काही नव्हतं, डोळेच भरून आले होते. चाचपडत त्यांनी बटण दाबलं, आणि बदक डुलत डुलत लिफ्टमध्ये शिरलं. सोनेरी फळ बुडालं ते बुडालंच.

“भिंगरे,” काका म्हणाले, “त्या दिवशी चुकलो गं मी. तुझी आई येत होती आणि मी मेला दाराचं बघत बसलो.”

“हो, चुकलातच,” ती म्हणाली, आणि त्यांच्या कुशीत शिरली. “आता ते फळ उद्या परत आणायचं. पण तुम्ही उडी मारायची.”

दुसऱ्या दिवशी काकांनी डोळे मिटून उडी मारली आणि बदक सरळ पाण्यात गेलं. फळ शेवटी आणलं ते दार धरूनच.

सुट्टी संपली, लेक न्यायला आली. बॅगा लिफ्टमध्ये, लेक लिफ्टमध्ये, काका लिफ्टमध्ये. भिंगरीही आत शिरणार, एवढ्यात ती गर्रकन वळली. “आजीचा अजून एक पापा!” म्हणत घरात पळाली.

दार सरकायला लागलं. काकांनी दारात पाय घातला.

लेक बघतच राहिली. दार एकदा आपटलं, दोनदा आपटलं, काका ढिम्म. खालून कुणीतरी दणादणा दार बडवत ओरडलं, “अरे, लिफ्ट कोणी धरून ठेवलीय वर? लिफ्टकाकांना सांगू का?”

“मीच आहे लिफ्टकाका!” काका वरून गरजले. “थांबा जरा गपगुमान! माझी नात येतेय!”