एलियाहूच्या गुहेपर्यंत, गाईडशिवाय

इस्राएलमधल्या हैफात मी एकदा इतिहासाची टूर काढली होती. गाईड सोडून सगळे वेळेवर पोचले.

गाईड मीच.

झालं असं, की सक्तीची आर्मी संपवून मी गाईडचा कोर्स केला आणि हैफातल्या एका छोट्या टूर ऑफिसनं मला ट्रायल दिली. जुन्या भागातून दोन तास चालायचं, सात ठिकाणी थांबून इतिहास सांगायचा, शेवट आम्हा ज्यूंच्या एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या गुहेत. ऑफिसची निरा नावाची बाई बरोबर चालणार, वहीत लिहिणार आणि शेवटी सांगणार, नोकरी आहे की नाही. दहा माणसं मात्र मी जमवायची. आणि ती ओळखीची नकोत, कारण ओळखीचे नुसत्या माना डोलावतात.

मी गावभर कागद चिकटवले. एकच फोन आला. त्याला सोफा विकायचा होता.

मग मी पेताह तिक्वाला घरी फोन केला. (इथंच थांबायला हवं होतं.)

"आई, दहा माणसं पाहिजेत. पण कुणी मला ओळखायचं नाही हं."

"नाही ओळखणार गो. जायचं कुठं?"

"शेवटी एलियाहूच्या गुहेत."

आईनं लगेच पप्पांना हाक मारली. कोकणातून इस्राएलला आलेल्या आम्हा बेने इस्राएल लोकांना कुठलंही शहर दाखवा, आम्ही सावली शोधून बसतो. पण एलियाहूचं नाव काढलं की अंथरुणातला माणूस चपला शोधतो! त्यात आईनं माझ्या नोकरीसाठी त्याला मलिद्याचा नवस बोललेला. मला काय ठाऊक.

मंगळवारी सकाळी दहा अनोळखी माणसं बसमधून उतरली. आई, पप्पा, रिव्का मावशी, शिमशोन मामा आणि आमच्या बिल्डिंगमधले सहा जण. मावशीच्या हातात हे एवढं स्टीलचं पातेलं, वर फडकं बांधलेलं.

"मावशी, हे काय?" मी हळूच विचारलं.

"तुम्ही कोण?" मावशी म्हणाली. "आपली ओळख नाही."

पहिला थांबा जर्मन वसाहत. लाल कौलांची दगडी घरं. मी तोंड उघडलं आणि मामानं निराला ऐकू जाईल अशा हिब्रूत विचारलं, "मॅडम, तुमचं लग्न झालंय का?" (अनोळखी माणूस हेच विचारतो, अशी त्याची खात्री होती.) तेवढ्यात आईनं पिशवीतून टोपी काढून माझ्या डोक्यावर घातली. "ऊन लागेल गो तुला. म्हणजे, तुम्हाला."

निरानं वहीत काहीतरी लिहिलं. बरंच लिहिलं.

दुसऱ्या थांब्यावर एका दरवाज्यावर कोरलेली जर्मन अक्षरं दाखवायला मी ग्रुपकडे पाठ केली. मी बोलायला लागले की मला ब्रेक नाही. सुतार, घोडागाड्या, द्राक्षांचे मळे, दहा मिनिटं नुसती सुटलेच. "काही प्रश्न?" म्हणून वळले, तर मागं फक्त निरा. आणि लांब रस्त्याच्या टोकाला एक पातेलं चाललेलं, त्याच्यामागं माझा ग्रुप.

धावत जाऊन आईला गाठलं. "अगं, अजून पाच थांबे आहेत!"

"मलिद्यात ओला नारळ आहे," आई म्हणाली. "एवढ्या उन्हात आंबला तर हन्नबीला काय दाखवू, तुझे दरवाजे?"

आणि पाऊल आणखी वाढवलं. मी परत मागं निराकडे. एकटीला तर एकटीला, इतिहास सोडायचा नाही! आम्ही दोघी जवळजवळ पळतोय आणि मी हात करून सांगतेय, "उजवीकडे जुनं कब्रस्तान, समोर समुद्र, आणि ती पातेलं घेतलेली माझी मावशी."

"मावशी?" निरानं वहीतून डोकं वर केलं.

"आदरानं म्हणते. सगळ्यांनाच."

वाटेत एका बाकावर शेजारची दिना आजी सापडली. गुडघे दुखतात, म्हणून सगळे तिला तिथंच टाकून गेलेले. तिला हाताला धरून पायऱ्या चढवल्या, तोवर वर गुहेच्या अंगणात ताट मांडून झालेलं. गोड पोहे, पाच फळं, गुलाबाच्या पाकळ्या, सगळं. मामा मुंबईच्या इंग्लिशमध्ये सांगत होता, की एलियाहू आमच्या कोकणातसुद्धा येऊन गेला, तिथल्या खडकावर त्याच्या रथाच्या चाकांच्या खुणा आहेत. भोवती वीसेक परदेशी टुरिस्ट मांडी घालून ऐकतायत. ते दुसऱ्याच गाईडचे होते. तो बिचारा कडेला उभा राहून मलिदा खात होता.

आईनं निराच्या हातावर मलिदा ठेवला. "खा. मुलीला नोकरी लागू दे म्हणून केलाय."

"कुठल्या मुलीला?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. "नाव माहीत नाही," ती म्हणाली आणि पदरानं माझा घाम पुसला.

निरानं वही मिटली. मलिदा संपवला. आणखी मागितला.

"हे बघ," ती मला म्हणाली, "ग्रुपच्या पुढं चालणं तुझ्यानं होणार नाही. पण त्या आजीला तू आणलंस. मला ग्रुपच्या शेवटी चालणारं माणूस हवंय, कुणी मागं राहू नये म्हणून. येशील?"

आई आजही सगळ्यांना सांगते, पोरगी हैफात टूर चालवते. चालवते ना, मागून.

पहिल्या टूरला एकच माणूस हरवलं. मी.