सेतुमाधवरावांचं श्राद्ध

जो माणूस आमच्या घरात वारला, त्यानं आमच्याकडे दोनदा खीर घेतली.

तंजावूरला ते भाड्याचं घर मला चार महिने वणवण करून मिळालं होतं. बायकोची, म्हणजे कमलची, शाळा तिथून दोन मिनिटांवर. घरमालकांची एकच अट, "सर, मागची खोली सहा महिने उघडायची नाही." मी आनंदानं मान डोलावली. कमलचा चेहरा पडला. आमच्याकडे धनिष्ठापंचकात, म्हणजे त्या पाच अशुभ नक्षत्रांत, कुणी गेलं, की जीव गेला ती खोली सहा महिने बंद ठेवतात.

"अहो, त्या खोलीत कुणीतरी गेलंय."

"कशावरून?"

"मग सहाच महिने कसे?"

त्याच आठवड्यात आधीच्या भाडेकरूंच्या नावचं पत्र आलं. सेतुमाधवराव. झालं, मृताला नावही मिळालं.

मालकांना सरळ विचारता आलं असतं. पण ते 'हो' म्हणाले असते तर घर सोडावं लागलं असतं, म्हणून मी विचारलंच नाही. (मी असा शूर!) कमलला एका जागी बसवेना. भाजी चिरता चिरता उठून ती कुलूप बघून यायची. मग मीही बघून यायला लागलो. जेवायचो ओसरीवर, तेही त्या खोलीकडे पाठ होणार नाही असे आडवे बसून.

शेवटी ती म्हणाली, "अमावास्येला त्यांच्या नावानं काहीतरी करा, नाहीतर मी पापनाशमला आईकडे चालले." बॅग भरूनच बोलत होती.

गोत्र ठाऊक नव्हतं, पण अशा वेळी काश्यप चालतं. आमच्या वाध्यारांनी, म्हणजे भटजींनी, जेवायला एक वृद्ध ब्राह्मण पाठवायचं कबूल केलं. अमावास्येला दुपारी बाराला दारात एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले.

"मी त्या मागच्या खोलीसाठी..."

"माहितीये, माहितीये. या." मी त्यांचे पाय धुवायला घेतले.

"अय्यो, माझं ऐका तरी..."

"आधी जेवा, मग बोला."

ते जेवले. वडे घेतले, खीर घेतली, ती पुन्हा मागितली. हात धुताना म्हणाले, "श्राद्ध कुणाचं म्हणायचं?"

"सेतुमाधवरावांचं. याच घरात गेले बिचारे."

त्यांनी तांब्या हळूच खाली ठेवला. "मी सहा महिन्यांसाठी लेकीकडे बंगळुरूला गेलो होतो हो. सामान त्या खोलीत ठेवून."

कमल हसत सुटली. कुणी मेलंच नव्हतं. तिनं तिथल्या तिथे बॅग रिकामी करायला घेतली. वाध्यारांनी पाठवलेले ब्राह्मण एव्हाना येऊन ओसरीवर बसले होते आणि खीर संपली होती. मला कुठं तोंड लपवावं कळेना.

जाताना सेतुमाधवरावांनी माझा खांदा थोपटला. "माझी पोरं एवढं करतील असं वाटत नाही. पुढच्या वर्षीही करा, मी येईन."

मी घाईघाईनं विचारलं, "तिथी हीच ठेवू ना?"