लॅपटॉपवरची टिकली

माझी सून पुण्यातल्या एका कंपनीचं काम आमच्या शिवाजी पेठेतल्या घरातून करते. मी चौथी शिकलेली, तिचं काम मला कळत नाही. एवढं कळतं, की हात जरा थांबला की लॅपटॉप तिची चुगली करतो. लघवीला जायचं तरी ती मला म्हणायची, "आत्ती, तेवढा माउस हलवा." मी एका हाताने डाळ निवडत दुसऱ्याने तो फिरवायची. साहेबाला कधी फरक कळला नाही.

मग साहेबाचा मेल आला. काम बंद दिसलं, खुलासा द्या. सोबत फोटो. त्यात सून खुर्चीत बसून नातीला अंगावर पाजत होती. हात थांबला की कॅमेरा आपोआप फोटो काढतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती रडली नाही. हा फोटो आणखी कुणी बघितला, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मुलगा म्हणाला, सोड नोकरी. ती म्हणाली, म्हणजे फोटो त्यांच्याकडे आणि मी घरात.

मी कपाळावरची टिकली काढून कॅमेऱ्याच्या डोळ्यावर दाबली, अंघोळीआधी आरशावर चिकटवतो तशी. नवरा गेल्यावरही टिकली लावते म्हणून गल्लीने मला पुष्कळ ऐकवलंय. त्यांना म्हणावं, बघा, कामाला आली.

थोड्या वेळाने साहेबाचा फोन आला. कॅमेरा काळा दिसतोय म्हणे. सुनेने फोन स्पीकरवर टाकला आणि फोटो किती जणांनी पाहिला ते विचारलं. तो नियम सांगायला लागला. आवाजावरून पोरगंच वाटत होतं. मग मी तोंड घातलं.

"पावणं, तुमच्या घरात बाईमाणूस लेकराला पाजत असलं, तर तुमी खाकरून आत जातासा का न्हाय?"

त्याने नियम तिथेच सोडले. मग म्हणाला, "आजी, मी एकट्यानेच पाहिलाय. काढून टाकतो."

"तसं लिहून पाठवा," सून म्हणाली.

संध्याकाळी मेल आला. फोटो काढून टाकला आहे, कॅमेरा बंद केला आहे, वाया गेलेला वेळ मात्र भरून द्यावा. माफीचा शब्द नाही. फोटो खरंच गेला का, हे आम्हाला कळायला काही मार्ग नाही. सुनेने खुलासा मात्र दिला, आणि पाठवण्याआधी मला वाचून दाखवला: "मुलीला दूध पाजत होते. उद्याही पाजणार आहे."