आभाळाची मोजणी आणि माझे सासरे

माझ्या सासऱ्यांना एक प्रश्न पडला आणि तो तीन वर्षं आमच्या घरात मुक्कामाला राहिला. जगाला शेवट आहे की नाही, आणि एकूण त्याचा आकार तरी कसा? लोकांचे सासरे चहात साखर कमी पडली म्हणून कुरकुरतात. आमच्याकडे सकाळी दात घासताना विश्वाचा आकार निघायचा, आणि मला पावणेदहाला शाळा गाठायची असायची.

त्यांचं नाव तात्याराव सूर्यवंशी. मी त्यांना मामा म्हणायचे. मूळ गाव चिंताकी, पण नोकरी मोजणी खात्यात, साखळी ओढण्याची, त्यामुळे अख्खा बीदर जिल्हा पायाखालचा. छत्तीस वर्षं साहेबाच्या पुढे लोखंडी साखळी घेऊन रानोमाळ चालायचं, खुंटी ठोकायची आणि मोठ्यानं आकडा सांगायचा. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी उर्दूत, अर्धी मराठीत. पण साखळी वापरून वापरून ताणली जाते, उन्हात लोखंड वाढतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. रोज सकाळी कचेरीच्या आवारात आखलेल्या मापाला साखळी लावून बघितल्याशिवाय ते शेतात पाय टाकायचे नाहीत. साहेब ओरडायचे, हे ऐकायचे नाहीत. भयंकर हट्टी माणूस. माझ्या लग्नाला पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते, तेव्हा मी गवळ्याकडून घेतलेलं दूध त्यांनी पुन्हा मापात ओतून बघितलं होतं.

मोजणीची एक रीत असते. ज्या दगडापासून सुरुवात केली, त्याच दगडावर शेताला फेरी घालून परत यायचं. कागदावर मात्र ती फेरी कधीच बरोबर त्या दगडावर येत नाही. वीतभर, हातभर फरक राहतोच. त्याला ते लोक चूक म्हणतात. ठरावीक मर्यादेत असली की चालते, पण ती लिहावी लागते. मामा म्हणायचे, "चूक लिहिली न्हाई म्हंजी मोजणी घरी बसून केली."

त्यांचा मुलगा प्रेमानंद, म्हणजे माझा नवरा, त्याच खात्यात मोजणीदार झाला. बापानं साखळी ओढली, मुलगा हुलसूरला यंत्र लावून मोजतो. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण नुसतं "हे" लिहिलं तर बाप कोण आणि लेक कोण ते कळायचं नाही, म्हणून घेते.

प्रश्न सुरू झाला तो विहारात. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्याकडे रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. एके दिवशी विहाराचे सेक्रेटरी अमरदीप म्हणाले की जगाला अंत आहे की नाही, या प्रश्नाला बुद्धांनी उत्तर दिलं नाही. आधी दुःखाचं बघा म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मामा उभे राहिले. "बरोबर हाय. पर माझं दुःख आता सरलंय. दोन टाइम खायाला हाय, अंगावर कापड हाय. आता इचारलं तर काय बिघडतंय?" लोक हसले. मामा घरी आले ते थेट प्रेमानंदसमोर बसले. "तू मोजणारा माणूस. कसं हाय ते सांग मला."

आणि हा वेडा कामाला लागला! फोनवर कन्नडमधली भाषणं ऐकली, हिंदीतली ऐकली, बीदरच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकाला गाठून त्याचं डोकं खाल्लं. मग बापाला समजावलं. विश्व अगदी नवीन होतं तेव्हाचा उजेड अजून आभाळात सगळीकडून येतो. त्यात थोडे गरम, थोडे थंड असे डाग आहेत. ते डाग खरे केवढे, हे हिशेबानं काढता येतं. इथून केवढे दिसतात, तो कोन मोजता येतो. झाला त्रिकोण. एक बाजू डागाची, दोन उजेडाच्या. जागाच वाकलेली असेल तर कोन फुगेल किंवा आकसेल. शास्त्रज्ञांनी तो मोजला, तर सपाट जागेवर यावा तेवढाच आला.

दुसऱ्या कुणी सुखानं मान हलवली असती. मामा म्हणाले, "आपल्या रानात तिकोन घातला तर सपाटच येतोय की. धरती गोल हाय, तरीबी. रान लहान पडतंय. ह्यांचं रान किती मोठं?"

प्रेमानंद पुन्हा बीदरला गेला. तीन वर्षं हेच. तो काहीतरी आणायचा, मामा त्यात भोक पाडायचे, मग दोघं चिडून दोन दिवस बोलायचे नाहीत, आणि दोघांचे निरोप पोचवायला मी! तेवढ्यावरही भागायचं नाही. मी भाजी निवडत असले की मामा मलाच विचारायचे, "माला, तू मास्तरीण हाईस, तुला काय वाटतंय?" मला काय वाटणार? मला वाटायचं, विश्व गेलं खड्ड्यात, कुकरची शिट्टी झाली का ते बघा.

मग यंदा जूनमध्ये त्यांच्या पायांवर सूज आली. बीदरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय थकलंय, वय अठ्ठ्याहत्तर, आता काही महिने. मामांनी ते आमच्या तोंडावरून ओळखलं. घरी आल्यावर पलंगावर बसले आणि म्हणाले, "प्रेमा, तेवढी मोजणी उरकून टाक. मला कळू दे."

त्यानंतर त्यांना दुसरं काही सुचेना. जेवणात लक्ष नाही, गोळ्या तशाच पडलेल्या. प्रेमानंद रोज पुस्तक घेऊन बसायचा आणि रोज तेच सांगायचा, की नक्की कळलेलं नाही. म्हातारा रोज भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मला बघवेना. मी स्वयंपाकघरात नवऱ्याला धरलं. म्हटलं, "सांगून टाका ना, कळलं म्हणून! सपाट आहे, शेवट नाही, संपलं. कोण तपासायला येणार आहे? माणूस समाधानानं जाऊ दे." तो नको म्हणाला. मी आठ दिवस त्याच्या मागे लागले, शेवटी रडले. तो तयार झाला.

रविवारी सकाळी मी उप्पीट केलं होतं. मामा ताटली मांडीवर घेऊन बसले होते. प्रेमानंद समोर बसला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "अप्पा, नवी मोजणी आलीय. पक्कं कळलंय आता. सपाट हाय. शेवट न्हाई."

मामांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी दारातून बघत होते. मग त्यांनी विचारलं, "चूक किती आली?"

प्रेमानंदनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

"काहीच न्हाई, अप्पा. बरोबर दगडावर आली."

मामांनी हातातला घास परत ताटलीत ठेवला. "छत्तीस वर्सं साखळी ओढली मी. चार दगडाचं रान कधी बरोबर आलं न्हाई. न् आभाळ आलं?" त्यांनी ताटली बाजूला सारली. "खोटं कामून बोलायलास?"

प्रेमानंदनं चष्मा काढला. मग म्हणाला, "खोटं हाय, अप्पा. खरं सांगतो." त्यानं दप्तरातून एक जुना नकाशा काढला, मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं त्रिकोण काढला. "दिसतंय तेवढं सपाट हाय, चूक धरून. त्या चुकीपेक्षा बारीक बाक असला तर आपल्याला दिसायचा न्हाई. उजेड जितक्या लांबून आलाय, तितकंच आपलं रान. पल्याडचा उजेड अजून पोचलाच न्हाई." मग त्यानं नकाशाची गुंडाळी केली. "आता बघा. तिकोनाचे कोन बदलले का?"

"न्हाई."

"पर कागद फिरून जाग्यावर आला. तर नुसतं सपाट हाय म्हणून शेवट न्हाई, असं बी पक्कं कळत न्हाई."

"मग कवा कळंल?"

"कदाचित कवाच न्हाई."

"कुणालाच?"

"कुणालाच न्हाई, अप्पा."

मामांनी पलंगावर हात आपटला. "मग हे तीन वर्सं आधी सांगायचं की!"

"सांगत व्हतो! तुम्ही ऐकत न्हवता!"

दोघंही ओरडत होते. मग मामा गुंडाळी हातात घेऊन उलटसुलट करून बघू लागले, आणि म्हणाले, "बरं. हे पटतंय." मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात हाक आली. "माला, हिकडं ये."

मी गेले.

"ही अक्कल तुझी व्हय?"

"मामा, तुम्हाला बरं वाटावं म्हणून..."

"आमी बाटलो, बुद्धाच्या धर्मात आलो, तवा मी अकरा वर्सांचा व्हतो. त्याच्या आधी गावात इचारायचो, आमाला हिरीवर कामून येऊ देत न्हाई? तर कुणी मारलं न्हाई मला. गोडच बोलायचे. देवानं तसंच मांडलंय, लेकरा, म्हणायचे. मला ठावं न्हाई असं एकानं बी म्हटलं न्हाई. त्येनला वाटायचं, ह्येला काय कळतंय." ते दम खायला थांबले. "तुला बी तसंच वाटलं."

मला राग आला. त्यांची पथ्यं मी सांभाळायची, सुजलेले पाय मी चेपायचे, आणि बोलणी मीच खायची. खूप काही तोंडात आलं होतं. पण ते म्हणाले ते खरं होतं. ह्यांना काय कळणार, असंच वाटलं होतं मला.

मामा ऑगस्टमध्ये गेले. तोपर्यंत ते माझ्याशी नीट बोलत होते. पाणी मागायचे, शाळेचं विचारायचे, आमच्या मुलांना आशीर्वाद द्यायचे. बापलेकांचं त्रिकोणांवरचं भांडणही रोज चालू होतं. फक्त मी खोलीत आले की दोघं त्रिकोण सोडून भाजीपाल्यावर बोलायला लागायचे.