टाचेतलं शिसं

माझा बापूस वाईट माणूस नव्हता, असं अजून लोक सांगतात. सांगायला लोकांचं काय जातंय? पडला तो माझा भाऊ.

आम्ही करावे गावातले, होडी आणि जाळ्यावर जगणारे. धाकटा भाऊ शाळेत जायला लागला तेव्हा चवड्यांवर चालायचा. पोट पुढे, टाचा अधांतरी. पोटऱ्या मात्र टम्म. बापूस त्या येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा. "होरी ओढनाऱ्याच्या पोटऱ्या हायत पोराच्या!" वाशीच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा स्नायूंचा आजार आहे, ती ताकद नाही, नुसता फुगवटा. तेव्हा बापसाचं तोंड बघण्यासारखं झालं.

तिथल्या व्यायामाच्या बाई भावाच्या तळव्यांना पावडर लावून त्याला काळ्या कागदावरून चालवायच्या. कागदावर नुसते चवडे उमटले. बाईंनी बजावलं, "चालताना टाच टेकवायला लावू नका हं. मांडीत जोर नाही त्याच्या. चवड्यावर तोल धरतो म्हणून तर गुडघा टिकतो." पालथ्या घड्यावर पाणी! बापसाने कागद मागून घेतला आणि घरी भिंतीला चिकटवला. त्याला त्यात एकच दिसलं, टाच नाही.

कारण नारळी पुनव जवळ आली होती. आमच्याकडे खाडीला वाहायचा नारळ घरातला मुलगा नेतो, घरापासून पाण्यापर्यंत, चालत. भाऊ रोज मला विचारायचा, "ताय, या वर्साला नारल मीच नेनार ना?" बापूस म्हणायचा, "असा नाचत नेलास तर गाव हसंल."

मग त्याने भावाच्या कॅनव्हासच्या बुटांत, टाचेपाशी, जाळ्याची शिशाची वजनं शिवली. शिशाने जाळं तळाला बसतं, मग टाच का नाही बसणार? काय तर म्हणे डोकं!

"अवो बाबा, बाई काय बोलल्या?" मी ओरडले.

"बाईनं कदी होरी ओढलीय?"

भाऊ ते बूट घालून अंगणात फेऱ्या मारायचा. रडायचा नाही, त्याला नारळ न्यायचा होता. पुनवेच्या आदल्या दिवशी त्याची टाच टेकली. बापूस "शाब्बास!" म्हणून ओरडला, आणि भावाचा गुडघा मुडपला. मांडीचं हाड मोडल्याचा आवाज मला ओट्यावर ऐकू आला.

प्लास्टर काढलं तेव्हा पायांच्या काटक्या झाल्या होत्या. बाईंनी बगलेत धरून उभं केलं, तो खाली बसला. आता चालणं संपलं, असं त्यांनी आम्हाला बाहेर नेऊन सांगितलं. पडून राहून जी ताकद गेली, ती परत येणार नव्हती.

घरी आल्यावर बापसाने पावडर काढली. भावाला उचलून धरलं आणि त्याचा तळवा कागदावर दाबला. प्लास्टरमध्ये पाऊल सरळ बांधलेलं होतं, त्यामुळे टाच उमटली, अख्खी. "बघ, आली का नाय?" म्हणत त्याने तो कागद जुन्याच्या शेजारी लावला.

भावाचा चेहरा फुलला. "म्हंजे पुढल्या पुनवेला मी नेनार?"

"तूच नेनार रं."

बापसाचं नरडं धरावंसं वाटलं मला. आजही वाटतं.

पुढल्या पुनवेला बापूस एकटाच नारळ घेऊन खाडीवर गेला. भाऊ सकाळपासून दारात पाटावर बसला होता, तेच बूट घालून.