शेवटच्या रांगेतले नत्थूजी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही – आणि तिला तर मी बाईंबद्दलचं सगळंच सांगतो, तिने कान झाकून घेतले तरी. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर पुढच्या मैफलीत माझ्याकडे वळून बघितलं असतं, आणि ते मला चाललं नसतं.

बाई म्हणजे – नाव घेत नाही. पुण्याच्या मोठ्या गायिका. तुमच्याही घरी सकाळी त्यांचं एखादं भजन लागत असेल. दर हिवाळ्यात एका रविवारी सकाळी त्या नागपुरात गातात. आमच्या संगीत मंडळाचा मी चिटणीस. त्यांना विमानतळावरून आणायचं मी, कोमट पाण्याचा थर्मास सांभाळायचा मी, पहिल्या रांगेतली मधली खुर्ची माझी. कॉलेजात जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं, पण डोक्यात बाईच. बायको म्हणते, "माझा वाढदिवस विसरता, पण बाईंनी मागच्या वर्षी कुठली शाल घेतली होती ते बरोबर सांगता!" खोटं कसं म्हणू? पश्मिना होती, मोरपंखी काठाची.

आता मैफलीतली एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. गाणारा माणूस समोरच्या गर्दीत नकळत एक चेहरा निवडतो. लांबलचक तान घेऊन समेवर आला, की त्या चेहऱ्याकडे बघतो – जमलं ना? आणि तो चेहरा दाद देतो. बाकीचे सगळे हॉलमध्ये असतात खरे, पण गाणं त्या एकाशी चाललेलं असतं. मला तो चेहरा व्हायचं होतं. त्यासाठीच तर मी वर्षानुवर्षं मांडीवर ताल धरून, मान अगदी शास्त्रशुद्ध हलवत बसलो होतो.

आणि बाई बघायच्या कुणाकडे? काटोलच्या नत्थूजींकडे!

नत्थूजी संत्र्यांचे व्यापारी. राग कुठला, ताल कुठला, कशाचा पत्ता नाही. बसने यायचे, बाईंसाठी पिशवीभर संत्री आणायचे, नेमके माझ्या शेजारी बसायचे – आणि सम आली रे आली, की दोन्ही हात वर करून ओरडायचे, "वा वं माझी माय!" मागच्या बायका दचकायच्या. तबलजी गालात हसायचा. आणि बाई? बाई खुलायच्या हो! पुढची तान दुप्पट लांब, आणि तिची समही थेट नत्थूजींच्या ओंजळीत. मी शेजारी नुसता मान हलवतोय.

जळलो. दुसरा शब्द नाही त्याला.

एका वर्षी मी त्यांना हॉलच्या दारातच गाठलं. म्हटलं, "नत्थूजी, राग मानू नका, पण तुम्ही ओरडता त्याचा बाईंना त्रास होतो. जरा मागे बसाल का? आणि शांत?" बाई असं कधीही, एका शब्दानेही बोलल्या नव्हत्या. हे सगळं माझ्या मनचं.

मला वाटलं, भांडतील. भांडले असते तर किती बरं झालं असतं! पण त्यांना वाईट वाटलं ते बाईंचं.

"अरे देवा! इतके वर्ष सहन करून राहिली बिचारी? मले आधी काहून नाही सांगतलं जी तुम्ही?"

संत्र्यांची पिशवी माझ्या हातात दिली, आणि शेवटच्या रांगेत, पार कोपऱ्यात जाऊन बसले. तोंडावर रुमाल धरून. सम येई, त्यांचे खांदे उडत, आणि रुमाल आणखी घट्ट होई.

मध्यंतरात मी थर्मास घेऊन आत गेलो. बाई पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आपले संत्रेवाले काका दिसत नाहीत ते?"

काय काय सांगता आलं असतं! ताप आलाय, लग्नाला गेलेत, बस चुकली. पण ताप उतरतो, बस पुढची मिळते. माणूस पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या रांगेत येऊन बसतो. माझं डोकं त्या क्षणी इतकं चाललं – तुम्हाला खरं वाटणार नाही. मी म्हणालो, "ते वारले, बाई."

मी. साठी उलटलेला माणूस. एका जित्याजागत्या माणसाला मी चहाच्या सुट्टीत मारून टाकलं. ती संत्री नंतर आम्ही घरी खाल्ली. गोड निघाली, तेही सांगून टाकतो.

मध्यंतरानंतर बाई बसल्या, पण गाईनात. मग माइक जवळ घेऊन म्हणाल्या, "इथे माझा एक श्रोता होता. त्यांचं नावही मला ठाऊक नाही. असे ओरडून दाद द्यायचे, की मला घरी आल्यासारखं वाटायचं. ते गेले, असं आत्ताच कळलं. आजची भैरवी त्यांच्यासाठी." आणि अशी भैरवी गायल्या – काय सांगू तुम्हाला! गाताना डोळे पुसत होत्या. पहिली सम आली. बाईंनी समोर चेहरा शोधला. शेजारची खुर्ची रिकामी होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते मिळालं, आणि मी थर्मासचं झाकण फिरवत खाली बघत बसलो.

मैफल सुटल्यावर बाहेर तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर नत्थूजी भेटले. डोळे लाल.

"काय नशिबाचा माणूस असन जी तो! माय रडली त्याच्यासाठी. तोही माह्यासारखाच ओरडे म्हणते." मग रुमालाची घडी घालत म्हणाले, "पण त्याचं ओरडणं बाईले गोड लागे. आपलं नाही लागलं."

बाई अजून आत होत्या, चाहत्यांबरोबर फोटो काढून घेत. नत्थूजींचा हात धरून आत नेलं असतं, तर? मी विचारलं, "आणखी तर्री घेता का?"

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. बाई दर हिवाळ्यात येतात आणि शेवटची भैरवी त्या श्रोत्याच्या नावाने गातात. नत्थूजीही येतात, ठणठणीत आहेत. भैरवी सुरू होते तेव्हा शेवटच्या रांगेत ते उठून उभे राहतात आणि त्या गेलेल्या माणसासाठी हात जोडतात. बाईंना तिथवरचं दिसत नाही. त्या समेवर येतात, माझ्याकडे बघतात. आणि मी दाद देतो.