घराबाहेर काढल्याचा दाखला

सोमवार, १४ नोव्हेंबर १९८३. सकाळी सव्वानऊ वाजता पश्चिम लंडनमधल्या एका कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या, कचेरीत मला आणि माझ्या पत्नीला आत बोलावण्यात आले. आम्हांला राहायला घर मिळणार की नाही, एवढेच तिथे ठरायचे होते. तोवर कौन्सिलने एका हॉटेलात खोली दिली होती. निकाल विरुद्ध गेला की तीही सोडायची होती. इथल्या पहिल्याच आठवड्यात पत्नीचा खोकला छातीत उतरला होता.

आम्ही कोण, हे सांगणे भाग आहे. मी नैरोबीत रेल्वेच्या हिशेब खात्यात होतो. तेव्हा तिथे राज्य इंग्रजांचे होते. पुढे राज्य गेले, पासपोर्ट इंग्रजांचाच राहिला. मात्र त्यावर इंग्लंडात उतरण्याचा हक्क उरला नाही. नोकरी सुटल्यावर आम्ही सांगलीला धाकट्या भावाकडे आलो आणि प्रवेशाच्या परवान्यासाठी अर्ज केला. दर वर्षी ठरावीकच परवाने सुटत. आमचा हाती यायला आठ वर्षे लागली. लंडनच्या विमानतळावर अधिकाऱ्याने शिक्का मारला, पासपोर्ट परत दिला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. तुम्ही आता जाणार कोठे, हे त्याने विचारले नाही. ते विचारणे कोणाच्याच कामात बसत नव्हते.

कौन्सिलचा अधिकारी तिशीचा होता. वागण्यात सभ्य. माझे इंग्रजी त्याच्यापेक्षा उणे नव्हते. पण पत्नीची जबानी तिच्याच तोंडून घ्यायची असा नियम होता, म्हणून दुभाषी बोलावली होती. पिनर या उपनगरातल्या एका मराठी डॉक्टरांची मुलगी. जन्म इथला.

"काकू, ते विचारतात, इंडियामध्ये तुमचा घर आहे ना? परत गेलात तर तिकडे राहू शकता का?"

"असं काय विचारतेस, बाळ?" पत्नी म्हणाली. "घर आहे ते. आम्हांला दार कधी बंद होईल का? आमचे भावजी म्हणजे देवमाणूस. परसात पेरूचं झाड आहे, मीच लावलेलं."

मुलीने शब्द न गाळता भाषांतर केले. अधिकारी लिहीत होता, तो थांबला आणि हसला. "पेरूचं झाड सोडून आमच्या पावसात कशाला आलात?"

मुलीने तेही मराठीत सांगितले. झाडाचे कौतुक झाले असे समजून पत्नीही हसली.

मग त्याने नियम सांगितला. राहते घर उपलब्ध असताना जो ते आपण होऊन सोडतो, तो जाणूनबुजून बेघर झालेला. अशा माणसाला घर देण्यास कौन्सिल बांधील नाही.

मुलगी माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "काका, हा खूप वाईट झाला. काकूंनी असं का सांगितला?"

का सांगितले, हे तिला समजावणे कठीण होते. आमच्यात घरचे उणे परक्यापुढे काढत नाहीत. दिराने चुलीपासून उठवले तरी बाहेर दीर देवमाणूसच. पत्नी खोटे बोलली नव्हती. जे बोलायचे असते ते बोलली होती.

म्हणून मला बोलावे लागले. परवाना आला त्याच आठवड्यात भावाने आमच्या ट्रंका ओसरीवर काढून ठेवल्या. निघेपर्यंतचे दिवस आम्ही धर्मशाळेत काढले. हे मी इंग्रजीत, एका दमात सांगितले. 'ब्रदर' हा शब्द पत्नीला कळत होता. तिने मान खाली घातली ती वर केली नाही.

अधिकारी म्हणाला, "तसं असेल तर भावाकडून लेखी आणा."

"काय लेखी?"

"त्यांनी तुम्हांला घराबाहेर काढलं आणि परत घेणार नाहीत, असं. तीन आठवडे देतो."

त्या वाक्याचा संताप आज इतक्या वर्षांनीही कमी झालेला नाही. भाऊ मुळात दुष्ट नव्हता. दोन खोल्यांत त्याने थोरला भाऊ आणि वहिनी आठ वर्षे सांभाळली. पहिली चार वर्षे आनंदाने, पुढची नाइलाजाने. त्याचा धीर संपवला तो परवान्याच्या रांगेने, आणि रांग लावली होती याच सरकारने. आधी त्यांनी आम्हांला भावाच्या घरात आश्रित करून ठेवले. आणि त्या घरात आमची काय शोभा झाली, याचा दाखला आता तेच मागत होते. मला नोकरीत घेताना या राज्याने माझ्या भावाची सही मागितली नव्हती.

खोलीवर आल्यावर पत्नी म्हणाली, "अहो, तुम्ही त्यांना असं लिहायला सांगणार? त्यांच्या मुलीचं लग्न जमतंय. उद्या तो कागद कुणाच्या हाती पडला तर?"

"इथल्या फाइलीत पडेल. सांगलीला कोण वाचणार आहे?"

"मला ठाऊक असेल ना. पुरे नाही का तेवढं?"

"तुझी छाती काय म्हणते ते ऐकलंस का रात्री?"

"माझ्या छातीवर ढकलू नका."

मी हवाईपत्र काढले. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. पाठमोरीच म्हणाली, "आधी लग्नाची चौकशी करा. एकदम अंगावर जाऊ नका."

तसे केले. तिकडच्या पावसाचे विचारले, मुलीच्या लग्नाचे विचारले. त्याखाली लिहिले: 'तू आम्हांस घराबाहेर काढलेस व परत घेणार नाहीस, असे इंग्रजीत लिहून, सही करून उलट टपाली पाठव. मनात राग नाही. येथे राहण्यासाठी कागद लागतो.' पत्नीने वाचले आणि एक शब्द सुचवला. 'आम्हांस'च्या आधी 'नाइलाजाने'. भावाने तो दाखल्यात उतरवला, तर तो आम्हांला अजून परत घेईल असाच अर्थ अधिकारी काढणार. तरी घातला.

कोपऱ्यावरच्या पेटीत पत्र टाकून आलो. पत्नी भिंतीकडे तोंड करून निजली होती. भिंतीला हात लावून पाहिला, ओल होती. तिला न उठवता पलंग हातभर अलीकडे ओढला.